लेसरचं विचारायला गेलो होतो: भावाच्या चेहऱ्यावरच्या खड्ड्यांचं अडीच वर्षांचं प्रकरण

माझं तासगावात मेडिकल आहे. डी.फार्म. करून अकरा वर्षं काउंटरवर उभी आहे आणि दिवसातनं एकदा तरी कुणीतरी येऊन म्हणतंच, "ताई, चेहऱ्यावरचे खड्डे जायची ट्यूब द्या की." पूर्वी मी काहीतरी काढून द्यायचे. आता देत नाही, आणि का देत नाही हे गर्दीत उभं राहून प्रत्येकाला सांगणं जमत नाही, म्हणून माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं प्रकरण त्याला विचारूनच लिहितेय. त्याची एकच अट, फोटो टाकायचा नाही.

भाऊ दोन एकर द्राक्षबाग बघतो. सतराव्या वर्षी त्याला पिंपल्स सुरू झाले, ते साधे नाहीत, कातडीच्या आत दुखणाऱ्या गाठी, एक बसली की दुसरी वर यायची. आणि फोडायची सवय. ट्रॅक्टरच्या आरशात बघून नखानं दाबायचा, रक्त आलं की पानानं पुसायचा आणि पुढच्या ओळीला जायचा. आई ओरडायची, मी ओरडायचे, तो म्हणायचा दाबल्यावर बरं वाटतं. प्रत्येक गाठ फुटताना आतली थोडी कातडी खात गेली आणि आज जे खड्डे आहेत ते बहुतेक त्या पाच-सहा वर्षांतले आहेत.

यातला माझा वाटा आधीच सांगते. २०१७ ला मीच त्याला दुकानातनं एक ट्यूब नेऊन दिली, डाग जातात म्हणून सगळे नेतात तसली. तिच्यात तीन औषधं असतात, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. हे तिसरं म्हणजे स्टेरॉइड. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की आई खूश, तो खूश, आणि मग ती ट्यूब बंदच होईना, कारण दोन दिवस नाही लावली की तोंड लाल व्हायचं, आग व्हायची, पुरळ दुप्पट यायचं. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पण तोवर आमच्या घरात ती टूथपेस्टसारखी झाली होती. गालाची कातडी पातळ पडली, उन्हात गेलं की चटका बसल्यागत व्हायची, गालावर बारीक लव वाढली. मला हे कळायला हवं होतं. माझं शिक्षणच त्याचं आहे.

२०२२ च्या सुरुवातीला तो कुणाच्या तरी सांगण्यावरून पुण्यात एका सेंटरला जाऊन आला. चकाचक जागा, समोर टॅब घेऊन एक मुलगी, तिनं दोन मिनिटांत आठ सिटिंगचं लेसर पॅकेज सांगितलं, ७२ हजार, आजच भरले तर डिस्काउंट. डॉक्टर कधी बघणार विचारलं तर म्हणाली प्रोसिजरच्या दिवशी असतात. चेहऱ्याला कुणी हातसुद्धा लावला नाही. तो पैसे भरायलाच निघाला होता, एटीएमची लिमिट आडवी आली म्हणून वाचला, आणि रात्री मला फोन करून विचारलं, ताई भरू का. मी म्हटलं आधी एखाद्या स्किनच्या डॉक्टरला दाखवू, त्यांनी लेसर सांगितलं तर लेसर करू.

जूनमध्ये मिरजेला गेलो. मॅडम एमडी स्किन, बोलायला थोड्या तुटक, पण तपासणं मी बघत राहिले. त्यांनी आधी खोलीतली मोठी लाइट बंद केली, पडदा ओढला, आणि साधा टॉर्च घेऊन त्याच्या गालाला लागून बाजूनं धरला. समोरून बघताना जो चेहरा नुसता खडबडीत वाटायचा, त्याच्यावर एकदम सावल्या पडल्या, प्रत्येक खड्ड्याची वेगळी. मग दोन बोटांनी गाल ताणला. काही सावल्या गायब झाल्या, काही तशाच राहिल्या. "हे बघा," म्हणाल्या, "ताणल्यावर जे सपाट होतात ते वेगळे आणि जे होत नाहीत ते वेगळे. दोघांचं औषध एक नाही." मला वाटतं अडीच वर्षांत जे काही झालं त्याचं मूळ या पाच मिनिटांच्या टॉर्चमध्ये आहे.

खड्डे तीन जातीचे असतात. एक आइस पिक, दाभणानं टोचल्यासारखं वर बारीक आणि आत खोल, त्याच्या नाकावर आणि नाकाशेजारच्या गालावर असे बरेच होते. दुसरे बॉक्सकार, कांजिण्यांच्या वणासारखे, कडा सरळ आणि तळ सपाट, हे कानशिलाकडे पाच-सहा. तिसरे रोलिंग, म्हणजे कडा नाहीतच, नुसत्या लाटा, आणि त्याचे दोन्ही गाल मुख्यतः याच जातीचे. लाटा का पडतात हे मॅडमनी सांगितलं ते मी आता गिऱ्हाइकाला असं सांगते, की गोधडीला टाका घातला की तिथं गोधडी दबते आणि बाजूचं फुगतं, तसं कातडीच्या खाली पिंपलच्या जखमेनं चिवट दोरे तयार होतात आणि ते वरची कातडी आत ओढून धरतात. आता वरनं कितीही क्रीम चोळा, टाका उसवल्याशिवाय गोधडी वर येणार आहे का? हे सगळं सोडून जबड्याच्या कडेला एक उंचवटा होता, लालसर, टणक, म्हणजे खड्ड्याच्या उलट. आणि काळे डाग तर होतेच. लोक या सगळ्याला एकच शब्द वापरतात, डाग. डाग हा रंग आहे, तो क्रीमनं, सनस्क्रीननं, नुसत्या वेळेनंही फिका होतो. खड्डा म्हणजे आतलं मांस कमी झालेलं आहे, तिथपर्यंत लिंबू, हळद, कोरफड, व्हिटॅमिन ई काहीही पोचत नाही. लिंबू लावून उन्हात गेलं तर उलट भाजतं, तसले दोन चेहरे माझ्या काउंटरला आलेत.

खड्डे मोजायला मॅडम चार पायऱ्यांची एक पद्धत वापरतात, ऑस्ट्रेलियातल्या गुडमन आणि बॅरन यांनी २००६ मध्ये मांडलेली. पहिल्या पायरीत नुसता रंग, दुसरीत असे खड्डे जे हातभर अंतरावरनं दिसत नाहीत किंवा दाढीच्या सावलीत झाकतात, तिसरीत दिसतात पण ताणले की सपाट होतात, चौथीत ताणूनही होत नाहीत. भावाच्या कार्डावर लिहिलं, चार. तो मला म्हणाला, "नापास की गं." मॅडमनी ऐकलं आणि म्हणाल्या, चारचे दोन करता येतील, एक होणार नाही, आणि शून्य कुणी करून देतो म्हणाला तर उठून यायचं. पहिल्याच दिवशी एवढं स्पष्ट बोलणं मला फार आवडलं.

आणि लगेच त्या दिवशी खड्ड्यांवर काहीच केलं नाही! दोन कारणं. ट्यूबनं कातडी खराब झालेली, आणि पिंपल्स अजून चालूच. घर गळत असताना भिंतीला रंग कोण देतं. ट्यूब बंद केल्यावर पहिले तीन-चार आठवडे भयंकर गेले, चेहरा सुजून लाल, त्यानं रागानं माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. मग जुलैपासून आयसोट्रेटिनॉइन, म्हणजे पिंपल्सवरची गोळी, रोज २० मिलिग्रॅम, जानेवारी २०२३ पर्यंत सात महिने, आधी आणि मध्ये रक्त तपासून, लिव्हर आणि चरबीचं. ओठ फुटले, डोळे कोरडे पडले, पण नवीन गाठ यायची थांबली. इथं मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी एक सांगते, ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येतं. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ही गोळी न्यायला येऊ नका, मी देणार नाही.

या गोळीनंतर सहा महिने चेहऱ्यावर काहीही करायचं नाही असा जुना नियम होता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आणि आपल्याकडच्या त्वचा-शल्य डॉक्टरांनी जुना पुरावा पुन्हा तपासला आणि बऱ्याच प्रोसिजरना एवढं थांबायची गरज नाही असं म्हटलं. पण आम्हाला तसंही थांबायचंच होतं, कारण बाग. फेब्रुवारी-मार्च काढणी, बेदाण्याची गडबड, एप्रिलमध्ये खरड छाटणी, डोक्यावर ऊन. मॅडमनी कॅलेंडर मागितलं आणि म्हणाल्या तुमची छाटणी, फवारणी कधी ते लिहा, आपण मधल्या जागेत काम करू. जून ते सप्टेंबर ढगाळ असतं आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत जरा उसंत असते, तेवढी खिडकी मिळाली. मला वाटतं ट्रीटमेंट अर्धी तिथंच यशस्वी झाली, कारण आपल्याकडे माणूस सिटिंगला जातो आणि दुसऱ्या दिवशी रानात असतो.

जून २०२३ ला पहिलं काम, सबसिजन. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑरेंट्राइक बापलेकांनी हे नाव दिलं. गाल बधिर करायचं इंजेक्शन देऊन बाजूच्या एका छिद्रातनं कातडीखाली जाड सुई, आमच्या वेळी बोथट टोकाची कॅन्युला होती, आत घालायची आणि पंख्यासारखी पुढंमागं फिरवून ते दोरे तोडायचे. मी आत थांबले होते. दुखत नव्हतं त्याला, पण दोरा तुटताना आवाज येतो, तो आवाज खोलीत मलाही ऐकू आला, कर्र कर्र. भाऊ डोळे मिटून म्हणाला, "ताई, कापड फाटल्यागत वाजतंय." गोधडीचं जे मी मनात धरलं होतं ते अगदी तसंच कानावर आलं. तोडल्यावर आत थोडं रक्त साठतं, तेही कामाचं असतं, ती जागा पुन्हा लगेच चिकटत नाही आणि पुढच्या महिन्यांत तिथं नवीन कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, भरतं. घरी आलो तर आई दारातच रडायला लागली, कारण दोन्ही गाल सुजलेले आणि डोळ्याखाली निळे. "पोराच्या तोंडाला सुया घालून आणलीस व्हय?" दहा दिवसांत निळं गेलं. डाव्या गालात मटारएवढ्या दोन गाठी राहिल्या, त्या आधी सांगितलेल्या होत्या म्हणून घाबरलो नाही, दीड महिन्यात विरघळल्या. हे आधी सांगणारा डॉक्टर आणि न सांगणारा डॉक्टर यात किती फरक असतो बघा.

आइस पिकला सबसिजनचा उपयोग नाही. त्याला टीसीए क्रॉस, २००२ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी मांडलेलं. ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड, भरपूर तीव्र, टोकदार केलेल्या लाकडी काडीवर एक थेंब घेऊन प्रत्येक भोकाच्या तळाला टेकवायचं, बाहेरच्या चांगल्या कातडीला लागू द्यायचं नाही. दहा-पंधरा सेकंदांत तो ठिपका पांढरा होतो, मीठ पडल्यासारखा. तळ जाळला की शरीर तो खालून भरत येतं. मिनिटभर चुरचुरतं, मग खपल्या, चार-पाच दिवसांत आपोआप पडतात आणि पहिले काही दिवस भोक आधीपेक्षा मोठं दिसतं, तेव्हा धीर सोडायचा नाही. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशा तीन वेळा केलं.

ऑगस्टमध्ये चूक झाली, आमच्याकडून. तिसऱ्या दिवशी बागेत डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, दिसला आणि हा सनस्क्रीन न लावता, खपली असतानाच, दिवसभर ब्लोअर घेऊन फवारणीला. वर मास्कची घासण. पंधरा दिवसांत नाकाशेजारी जिथं जिथं अॅसिड लावलं होतं तिथं तपकिरी ठिपके. आपल्या गहू-सावळ्या कातडीची हीच अडचण आहे, जखम भरते पण रंग सांडून जाते. फिट्झपॅट्रिक या डॉक्टरनं १९७५ मध्ये उन्हाला कातडी कशी वागते त्याची वर्गवारी केली, आज ती सहा प्रकारांची वापरतात, आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात बसतो, भाऊ पाचव्यात. ते ठिपके जायला तीन महिने गेले, रात्री मॅडमनी दिलेलं क्रीम, दिवसा दर तीन तासांनी सनस्क्रीन, दोन बोटं भरून, आणि टोपीच्या खाली पंचा. रानातली पोरं हसायची, तो लावत राहिला. मला त्याचं तेव्हा खरंच कौतुक वाटलं.

या ठिपक्यांमुळेच पुढचा निर्णय बदलला. आमच्या डोक्यात अजून लेसर होतंच. फ्रॅक्शनल लेसर ही २००४ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी मांडलेली कल्पना, सगळी कातडी न सोलता हजारो बारीक बिंदूंवरच उष्णता द्यायची, मधली चांगली कातडी जखम लवकर भरते. त्यातलं कार्बन डायऑक्साइड लेसर बॉक्सकारच्या कडा बसवायला चांगलं, मॅडम स्वतः करतातही. पण त्या म्हणाल्या, एवढ्याशा अॅसिडनं ज्याला तीन महिने रंग राहिला आणि ज्याला रोज उन्हात जायचंय त्याच्या पूर्ण गालावर मी लेसर करणार नाही, आपण मायक्रोनीडलिंग आरएफ, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, करू. यात बारीक सुया कातडीत जातात आणि उष्णता सुईच्या टोकाशी, आत, दिली जाते, वरचा थर बराचसा वाचतो म्हणून काळवंडायची भीती कमी. धंदा म्हणून बघितलं तर त्यांनी लेसर केलं असतं तरी आम्ही हो म्हणालो असतो.

जून, जुलै आणि सप्टेंबर २०२४, तीन सिटिंग. तासभर बधिर क्रीम लावून वर प्लास्टिक, मग मशीन, गालावर सुई खोल आणि कानशिलाला उथळ, कारण तिथं खाली हाड लागतं. तरी दुखतंच, कपाळाच्या कडेला तर चांगलंच, त्यानं माझा हात दाबून धरला होता. दोन दिवस लाली, मग आठवडाभर चौकटी कापडाच्या छापासारखे बारीक ठिपके, ते गेले. यात पीआरपी पण घालायचं का, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला भाग काढून लावायचा, असं मी विचारलं, तर म्हणाल्या थोडी मदत होते, पैसे जास्त असतील तर करू. नाही केलं.

घरी वापरायच्या काटेरी रोलरबद्दल रोज विचारतात म्हणून इथंच सांगते. आखूड काट्याचा रोलर खड्ड्याच्या तळापर्यंत जातच नाही आणि लांब काट्याचा घरी, न उकळलेल्या काट्यांनी, पिंपल्स चालू असलेल्या चेहऱ्यावर फिरवला तर पू सगळीकडे पसरवायचं काम होतं. करू नका.

जबड्याचा उंचवटा सगळ्यांत सोपा निघाला. ट्रायमसिनोलोन, हेही स्टेरॉइडच, पण नेमकं त्या उंचवट्याच्या आत सुईनं, मोजून, चार-चार आठवड्यांनी तीन वेळा. बसला. जे औषध ट्यूबमधून रोज चोळून मी भावाचा चेहरा बिघडवला त्याच जातीचं औषध हातात अक्कल असली की असं काम करतं.

आता पैसे, कारण सगळे तेच विचारतात. सबसिजन ५ हजार, क्रॉस दीड हजाराप्रमाणे तीन वेळा साडेचार हजार, आरएफ ६ हजाराप्रमाणे तीन वेळा १८ हजार, इंजेक्शनं ५०० प्रमाणे दीड हजार, मिळून २९ हजार, अडीच वर्षांत पसरून. गोळ्या, रक्ताच्या टेस्ट, जाणं-येणं वेगळं, आणि सनस्क्रीन माझ्याच दुकानातनं, महिन्याला एक ट्यूब धरली तर दोन वर्षांत त्याचेच दहा हजारांवर जातात. दुसरीकडे आकडे वेगळे असतील, हे आमचं बिल आहे. विमा यात काही देत नाही, कॉस्मेटिक म्हणतात.

आणि फरक? आम्ही फोटो एकाच जागी काढायचो, माजघरात, लाइट बंद, टॉर्च खिडकीच्या फळीवर ठेवून डावीकडनं. आरशात रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, त्याला तर आरएफच्या दुसऱ्या सिटिंगनंतर सगळं फुकट गेलं असंच वाटत होतं. मॅडमनी शेवटच्या सिटिंगनंतर तीन महिने थांबून बघायला सांगितलं होतं, कोलॅजन भरायला तेवढा वेळ लागतोच. डिसेंबर २०२४ ला जून २०२२ चा फोटो आणि नवीन फोटो शेजारी ठेवले. गालाच्या लाटांच्या सावल्या निम्म्याहून कमी. नाकाशेजारची भोकं बरीचशी उथळ, कानशिलाचे बॉक्सकार मात्र फारसे हलले नाहीत, ते जवळून बघितलं की अजून दिसतात. कार्डावर मॅडमनी चारच्या जागी दोन लिहिले आणि कंसात लिहिलं, दोन खड्डे सोडून.

ते दोन खड्डे उजव्या नाकपुडीच्या बाजूला आहेत, तीन-तीनदा अॅसिड लावूनही तसेच. त्यांना पंच करतात, म्हणजे खड्ड्याच्या मापाच्या गोल ब्लेडनं तो आख्खा भाग काढून एक टाका घालायचा, खोल भोकाच्या जागी बारीक रेघ राहते. टाका काढेपर्यंत चेहऱ्याला धूळ नको, घाम नको. भावानं या वेळी तारीख स्वतःच काढलीय, काढणी संपून बेदाणा रॅकवर चढला की पहिल्या सोमवारी.